आधी कुणाला पाहायचं, हे कोण ठरवणार?

मैत्रिणींनो,

मागे आरोग्य हक्काच्या एका बैठकीत मी एक साधी मागणी मांडली. सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आजारी मूल आलं की नर्सने त्याला दारातच पाहावं आणि कुणाला ताबडतोब आत घ्यायचं, कोण थोडं थांबू शकेल, हे तिनेच ठरवावं. दवाखान्याच्या भाषेत याला ट्रायाज म्हणतात. एक डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, मुलाच्या जिवाची जोखीम नर्सच्या भरवशावर टाकायची?" आपल्याच काही मैत्रिणींनी माना डोलावल्या. त्या माना पाहिल्या म्हणून हे लिहायला बसले.

मी 28 वर्षं नर्स होते, त्यातली 9 वर्षं कॅज्युअल्टीत. तिथे निवड होत नव्हती असं नाही, रोज होत होती. ती करायचा केसपेपरच्या खिडकीतला कारकून, दारावरचा वॉचमन आणि नगरसेवकाचा फोन. त्यांच्या भरवशाबद्दल मात्र कुणी कधी प्रश्न विचारला नाही!

पावसाळ्यातली एक दुपार आठवते. हात मोडलेला एक मुलगा आला होता, सोबत पाच-सहा पुरुष आणि मोठा आरडाओरडा. त्यांच्यामागे रांगेत एक बाई, पदराखाली 8 महिन्यांची मुलगी. मुलगी रडत नव्हती. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प मुलाला घाबरावं, हे वॉर्डाने आम्हाला पुस्तकाच्या आधी शिकवलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे खोल गेलेले, हात गार, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच. मी तिला उचलून आत नेलं. तरुण डॉक्टर खेकसले, "सिस्टर, केसपेपर कुठाय? पेशंट तुम्ही ठरवणार का?" सलाईन लागलं, मुलगी वाचली. चौथ्या दिवशी माझ्या हातात मेमो पडला : केसपेपर नसताना पेशंट आत घेतल्याबद्दल खुलासा करावा. माझा निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न त्या मेमोत नव्हताच.

आता भरवशाचं बोलू. नर्सचा निर्णय तपासायचा म्हणजे दोन गोष्टी तपासायच्या. एक, तेच मूल दोन नर्सेसनी पाहिलं तर दोघी तेच सांगतात का? दोन, त्या सांगतात ते मुलाच्या खऱ्या आजाराशी जुळतं का? पहिल्याचं उत्तर बरंचसं होकारार्थी आहे. शिकवलेल्या आणि हातात तक्ता असलेल्या दोन नर्सेसचं बहुतेक वेळा जमतं. फरक पडतो तो सहसा मधल्या पायऱ्यांवर, तोही एका पायरीचा.

दुसरं उत्तर अवघड आहे, ते लपवायचं कारण नाही. मँचेस्टर पद्धतीत नर्स तक्त्याच्या आधारे रुग्णाला पाचांपैकी एका पायरीवर ठेवते. नेदरलँड्समध्ये ही पद्धत 13 हजारांहून जास्त मुलांच्या बाबतीत तपासली गेली. 2008 साली तो अभ्यास छापून आला. 54 टक्के मुलांना गरजेपेक्षा वरची पायरी मिळाली होती, 12 टक्के मुलांना खालची. म्हणजे चुका झाल्या त्या बहुतेक सावधपणाच्या बाजूने. तरी 12 टक्के ही थोडी गोष्ट नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांबाबत तर पद्धत जास्तच चुकत होती. मग तिथे काय केलं? नर्सला खुर्चीवरून उठवलं नाही, तक्ता दुरुस्त केला. आपल्याकडे तक्ताच नसतो, मेमो मात्र तयार असतो.

आणि हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असं कुणी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतल्या दवाखान्यांसाठी मुलांच्या ट्रायाजची पद्धत बसवली आहे. श्वास अडतोय का? हात गार आहेत का? नख दाबून सोडल्यावर रंग परतायला 3 सेकंदांहून जास्त लागतात का? झटके येताहेत का, मूल बेशुद्ध आहे का? असं काही दिसलं तर त्या क्षणी उपचार. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, भाजलं असेल, दोन्ही पावलं सुजली असतील, तर रांगेत पुढे. याला यंत्र लागत नाही. शिकलेले डोळे, हात आणि अधिकार लागतो. मलावीत ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ट्रायाज आणि तातडीच्या उपचारांची घडी नव्याने बसवली, तेव्हा दाखल मुलांमधले मृत्यू 10 ते 18 टक्क्यांवरून 6 ते 8 टक्क्यांवर आले. भारत सरकारच्या 2009 च्या प्रशिक्षण पुस्तिकेतही हीच पद्धत आहे. कागदावर आपण कुठेच कमी नाही.

मग अडतं कुठे? बघणं, ओळखणं, काळजी घेणं हे 'बायकांचं काम' मानलं जातं. त्याला ज्ञान म्हणायची कुणाची तयारी नसते. आई सांगते, "आज ही नेहमीसारखी नाही, अंगावर पीत नाही." दूध न पिणं हे धोक्याचं लक्षण आहे, पुस्तकात छापलेलं. पण आईच्या तोंडून आलं की तो बाईचा घाबरटपणा ठरतो. आणि खरं सांगते, आम्ही नर्सेसनीही अशा आयांना "लाईनीत थांबा" म्हणून हाकललं आहे. डॉक्टर आमचं ऐकत नव्हते, आम्ही तिचं ऐकत नव्हतो. रात्रपाळीत सगळी कॅज्युअल्टी एकटीवर टाकलेल्या बाईचे डोळे पहाटे चुकणारच. तो दोष तिच्या डोळ्यांचा म्हणायचा, की ड्यूटी लावणाऱ्याचा?

अधिकार नाही, पण जबाबदारी मात्र आमचीच. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 बाळं गेली. पुढे गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण बोट आधी कुणाकडे वळलं, ते आपण पाहिलं.

म्हणून मागण्या स्पष्ट करू. मूल आधी तपासा, केसपेपर मागून काढा. प्रत्येक पाळीत ट्रायाजसाठी प्रशिक्षित आणि वेगळी नर्स असू द्या. तिचा निर्णय लेखी नोंदवा आणि तो पाळणं सर्वांना बंधनकारक करा. दर महिन्याला चुका तपासा, पण शिकण्यासाठी, शिक्षेसाठी नाही. आणि आईचं म्हणणं त्या नोंदीत लिहा.

मैत्रिणींनो, मोर्चा नंतर काढू. आधी आपापल्या भागातल्या दवाखान्यात दोन तास जाऊन बसा. मूल दारात आल्यापासून त्याला पहिला हात लागेपर्यंत किती मिनिटं गेली आणि तो हात कुणाचा होता, ते वहीत टिपून घ्या. पुढच्या बैठकीत त्या वह्या घेऊनच बसू.