उजेड निराळा, ऊब निराळी



परसातील खुराड्याविषयी या सदरात मी आजवर पुष्कळ उपदेश केला आहे. आज एका चुकीची कबुली द्यावयाची आहे, आणि ती चूक माझीच आहे.

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमच्या खानापूर तालुक्यात त्या दिवसांत पावसाची झड लागली म्हणजे आठवडा आठवडा सूर्यदर्शन घडत नाही. अशाच एका रविवारी मिस्सा आटोपून मी बाहेर पडत असता एक गृहस्थ पायरीवर भेटले. त्यांच्या आठवीत शिकणाऱ्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत काजू वेचून चार पैसे साठविले होते. त्यांतून त्याने एक दिवसाची २५ पिल्ले आणली होती. २० कोंबडीची आणि ५ बदकाची. "फादर, घरी खुडूक कोंबडी नाही. पिल्लांना ऊब कशाने द्यावी?" त्यांनी विचारले. मला एका आजाऱ्याकडे जावयाची घाई होती. छत्री उघडता उघडता मी म्हणालो, "एक बल्ब खाली टांगा, म्हणजे झाले."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो मुलगा माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. तो काही बोलेना. मी त्याच्याबरोबर गेलो. पडवीच्या कोपऱ्यात खोक्यामध्ये पिल्लांचा ढीग झाला होता. थंडीने एकमेकांच्या अंगावर चढता चढता खालची पिल्ले गुदमरून गेली होती. कोंबडीची १३ आणि बदकाचे १, अशी १४ पिल्ले मेली होती. वर दिवा लख्ख जळत होता. मी त्याच्याखाली हात धरला. हाताला काहीच जाणवले नाही.

"फादर, दिवा रात्रभर चालूच होता की," वडील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात अधिक रुतून बसले.

तो दिवा नव्या पद्धतीचा एलईडी होता. २०१५ सालापासून सरकारी योजनेतून हे दिवे स्वस्त दराने घरोघर गेले, आणि विजेची बचत झाली हे चांगलेच झाले. परंतु ही बचत होते कशामुळे, याचा विचार मी केला नव्हता. जुन्या तारेच्या बल्बात जाणाऱ्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भागाची उष्णताच होते. उजेड थोडा मिळतो. नव्या दिव्यात वीजच मुळी थोडी लागते, आणि जी काही उष्णता होते ती दिव्याच्या बुडाशी राहते, खाली पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या लहानपणी "बल्ब" म्हटले की ऊब त्यात आलीच. मी जुना शब्द बोललो; त्यांनी घरात होता तो दिवा लावला. "कोणता बल्ब?" एवढे दोन शब्द विचारावयास मला सवड झाली नाही.

ज्यांना पिल्ले आणावयाची आहेत त्यांनी म्हणून पुढील गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात.

उबविणाऱ्या कोंबडीचे अंग सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्ण असते. तिच्या पंखांखाली जी ऊब मिळते तिची भरपाई आपणांस करावयाची आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी ती उतरवीत न्यावी. तारेचा बल्ब मिळत असल्यास पिल्लामागे निदान दोन वॅट असा हिशेब धरावा, पावसाळ्यात काहीसा अधिकच. एका मोठ्या बल्बापेक्षा दोन लहान बरे. एक गेला तरी दुसरा राहतो. बल्ब साखळीने पक्का बांधावा. नुसत्या वायरीवर लोंबणारा बल्ब तुसावर पडून आग लागावयास वेळ लागत नाही.

पिल्ले चौकोनी खोक्यात ठेवू नयेत. कोपरा दिसला की ती तेथे दाटी करतात. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड हात उंचीचे गोल कडे करावे. खाली भाताचे कोरडे तूस पसरावे व पहिले दोन-तीन दिवस त्यावर गोणपाट घालावे. गुळगुळीत कागद घालू नये. त्यावर पिल्लांचे पाय फाकतात.

ऊब पुरेशी आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून केविलवाणी ओरडू लागली तर थंडी वाजते आहे. बल्ब खाली घ्यावा. कड्याच्या काठाशी चोची उघड्या टाकून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली. बल्ब वर घ्यावा. सगळी एकाच बाजूस सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सर्वत्र पसरून खात, पीत, झोपत असली म्हणजे सारे ठीक आहे असे समजावे. हे पाहणे दिवसा पुरत नाही. रात्री दहाला एकदा आणि पहाटे तीनला एकदा, पहिले दहा दिवस तरी, उठावेच लागते.

वीज गेली तर? मडक्यात कढत पाणी भरून, तोंड घट्ट बांधून, गोणपाटात गुंडाळून ते कड्याच्या मध्यभागी ठेवावे व दोन-तीन तासांनी पाणी बदलावे. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू पिल्लांना मारतो आणि शेजारी निजलेल्या माणसांनाही मारतो.

बदकांची पिल्ले शक्य तो निराळी ठेवावी. त्यांना पाणी सांडण्याची भारी हौस. ओल्या तुसात कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण जडते. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे खोल पाणी पिण्यास हवे, पण अंग बुडेल एवढे नको. आईविना वाढणाऱ्या पिल्लाच्या पिसांवर पुरेसे तेल नसते. ते भिजते आणि गारठते. शिवाय बदकाला नायसिन नावाचे जीवनसत्त्व कोंबडीहून अधिक लागते. केवळ कोंबडीच्या खाद्यावर वाढविल्यास पाय वाकडे होतात. पशुवैद्यास विचारून खाद्यात यीस्टची पूड मिसळावी.

खाद्याला बुरशीचा वास आला तर ते गुराढोरांनाही न घालता पुरून टाकावे. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. बदकाच्या पिल्लांना ते विष फारच लवकर बाधते.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब अशी द्यावयाची असते. एका कुपीत निदान शंभर पिल्लांपुरते औषध असते, आणि ते एकदा कालविले की बर्फावर ठेवून दोन-एक तासांत संपवावे लागते. म्हणून वाड्यातील चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावी व एकाच कुपीत काम उरकावे. अनेक पक्षी एकाएकी मरू लागले तर ते ओढ्यात फेकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम बर्ड फ्लू आढळला, हे अनेकांना आठवत असेल. बदक असा विषाणू अंगात बाळगूनही वरून धडधाकट दिसू शकते. दोघांना वेगळे ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगतो. मी नुकसानीचे पैसे देऊ केले. वडिलांनी ते घेतले नाहीत. शेजारच्या आजींची एक कोंबडी तीन आठवडे खुडूक बसली होती, आणि तिची अंडी फुकट गेली होती. त्या रात्री आजी तिला डालग्यात घालून घेऊन आल्या. दिवा मालवून, अंधारात, त्यांनी उरलेली ११ पिल्ले एकेक करून तिच्या पोटाखाली सरकविली. दिवसा कोंबडी परकी पिल्ले टोचते. रात्री सहसा स्वीकारते, हे मला ठाऊक नव्हते. कोंबडी थोडी पुटपुटली, मग तिने पंख पसरले. शुभवर्तमानातील कोंबडीच्या पंखांचा दाखला मी कितीदा तरी वाचून दाखविला आहे. त्या रात्री मुलाच्या शेजारी उकिडवा बसून तो प्रथमच पाहिला. सकाळी ११ च्या ११ जिवंत होती.

महिन्याभराने मी त्या घरावरून जात होतो. बांधाशेजारच्या पाण्यात चारही बदके मजेत पोहत होती, आणि कोंबडी काठावरून धावत, ओरडत त्यांना बोलावीत होती. "तिची नव्हेत ती," आजी हसून म्हणाल्या, "पण तिला कोण सांगणार?"

मुलाकडे आज अंड्यांवर आलेल्या ५ कोंबड्या आहेत. मला कोणी पायरीवर काही विचारले तर मी आता छत्री मिटून उभा राहतो.

पुढील खेपेस मुंगूस आणि घूस यांपासून खुराड्याचे रक्षण कसे करावे, ते लिहीन. तोवर ज्यांच्या घरी नवी पिल्ले आली असतील त्यांनी आज रात्री निजण्यापूर्वी दिव्याखाली एकदा हात धरून पाहावा.