ती झोपलीय असं वाटलं होतं

मे महिना जवळ आला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज वाढतात. एक, 'लास्ट इयरच्या नोट्स आहेत का कुणाकडे?' आणि दुसरा, पांढऱ्याशुभ्र सशाचा फोटो, खाली लिहिलेलं, 'फ्री, पिंजऱ्यासकट. घरी जातोय. अर्जंट.' यंदा आमच्या एकाच ग्रुपवर असे चार ससे फिरून गेले. एकही वर्षभराहून मोठा नव्हता. त्यातल्या दोघांच्या रील्सना मीच कधीतरी हार्ट दिलं होतं. कदाचित तुम्हीही दिलं असेल.

ससाच का, हे कळायला फार डोकं लागत नाही. तो भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, पीजीच्या काकूंना पत्ता लागत नाही आणि कुत्र्याच्या पिल्लापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. विकणारा माणूस वर दोन वाक्यं हमखास ऐकवतो. 'दिवसभर झोपून असतो' आणि 'गाजर टाकलं की झालं'. म्हणजे झोप आणि खाणं, दोन्हीची चिंता मिटली. मग सहा-आठ महिन्यांत हा ससा 'फ्री' का होतो? माझ्या मते उत्तर त्याच दोन वाक्यांत आहे, कारण ती दोन्ही चुकीची आहेत.

आमच्या रूमवर खारी आली ती या दोन वाक्यांच्या भरवशावरच. (नाव चहा पिता पिता पडलं, त्यात काही खोल अर्थ नाही.) तिघींनी मिळून पैसे काढले, एका मोठ्या पिझ्झ्याएवढा खर्च. पहिले दोन महिने मजेत गेले. गाजर, पोळीचा तुकडा, कधी बिस्किट. दुपारी आम्ही लेक्चरला आणि ती पिंजऱ्यात. पहाटे पाचला ती पिंजऱ्याचे गज चावायला लागायची, तेव्हा 'नाटकं करतेय' म्हणत आम्ही पिंजऱ्यावर चादर टाकायचो.

मग एक रविवार आला. खारी सकाळपासून कोपऱ्यात अंग गोळा करून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले. 'अगं बघ ना, किती शांत झोपलीय,' म्हणत रूममेटने व्हिडिओ काढला आणि गाणं लावून स्टोरी टाकली. रात्री साडेनऊला मी ट्रे साफ करायला घेतला, तर ट्रे स्वच्छच होता. एकही लेंडी नाही. सकाळचं गाजर तसंच पडलेलं. कान हाताला गार लागले. पहिल्या क्लिनिकने सांगितलं, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. दुसरं बंद होतं. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटल्या. खारीला हात लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, 'शेवटची लेंडी कधी टाकली?' तिघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही. तिचे दीडशे फोटो मात्र होते आमच्याकडे.

ती झोपली नव्हतीच. तिचं पोट दुखत होतं, म्हणून ती हलत नव्हती.

डोळे उघडे, तरी झोप

मराठीत आपण सगळ्यांनाच 'ससा' म्हणतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. टेकडीवर गवतातून सुर्रकन पळून जाणारा आपला रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात खळगा करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. तो वन्यप्राणी आहे, त्याला घरी पाळणं बेकायदा आहे. बाजारात मिळणारा ससा युरोपियन, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहणारा. त्याची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात. इसापाच्या गोष्टीत शर्यत अर्धवट सोडून डुलकी काढणारा ससासुद्धा रानससाच होता. पण ती गोष्ट ऐकून आपण सगळे मोठे झालो आणि ससा म्हणजे झोपाळू, हे मनात पक्कं बसलं.

पिंजऱ्यातल्या सशाचं घड्याळ संधिप्रकाशाचं आहे. पहाट आणि तिन्हीसांजा ही त्याची धावपळीची वेळ. कोल्हा, घार, घुबड या सगळ्यांच्या मेनूवर असलेल्या प्राण्याने लख्ख उन्हात चरणं परवडत नाही. त्यामुळे दुपार हा त्याचा विश्रांतीचा काळ, म्हणजे नेमका आपण कॉलेजला असतो तेव्हाचा. आपण संध्याकाळी थकून येतो तेव्हा त्याचा दिवस सुरू झालेला असतो, आणि पहाटे आपण गाढ झोपेत असताना तो पुन्हा पूर्ण जागा. खारी नाटकं करत नव्हती. तिच्या दृष्टीने ऑफिसची वेळ झालेली असायची.

आणि झोपही सलग नाही. चोवीस तासांत साधारण आठेक तास, तेही तुकड्यातुकड्यांत. ससा डोळे उघडे ठेवूनही झोपू शकतो. त्याला तिसरी पापणी असते, पातळ पडद्यासारखी, त्यामुळे डोळा कोरडा पडत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. फक्त नाकासमोरचं तेवढं नीट दिसत नाही. म्हणजे उघड्या डोळ्यांवरून तो जागा आहे की नाही, हे ठरवता येत नाही. नाकाकडे बघा. जागा ससा नाक सतत हलवत असतो. ते मंदावलं किंवा थांबलं आणि अंग सैल असलं, की झोप लागलेली आहे.

सैल अंग हा शब्द महत्त्वाचा. चारी पाय पोटाखाली घेऊन पावासारखा बसलेला ससा आराम करत असतो. मागचे पाय लांब सोडून पसरला तर अजून निवांत. आणि मधेच धप्पकन एका कुशीवर कोसळला तर घाबरू नका, तो तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकून झोपलाय. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा किंचाळले होते. पण आजारी ससाही पाय पोटाशी घेऊनच बसतो, इथेच आमची फसगत झाली. फरक असा, की दुखणारा ससा आखडलेला असतो, पाठ कमानीसारखी वर, सारखी जागा बदलणारा, आवडीची कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवणारा. कधी दात करकरा वाजवतो. (गोंजारताना दातांचा हलका कुरकुर आवाज येतो तो मात्र खुशीचा.) ज्याला सगळे खातात तो प्राणी दुखणं दाखवत नाही. दाखवलं तर तोच आधी पकडला जातो. त्यामुळे 'किती शांत आहे' हे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा एकदा तपासून घेतलेलं बरं.

जाता जाता, सशाला पाठीवर उताणं करून 'हिप्नोटाइज' करण्याच्या रील्सबद्दल. तो ससा झोपत नाही आणि संमोहितही होत नाही. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं निपचित पडण्याची ती भीतीची प्रतिक्रिया आहे. प्लीज करू नका, शेअरही करू नका.

गाजर ही जिलेबी आहे

आता दुसरं वाक्य. बग्ज बनी १९४० साली पडद्यावर आला आणि तेव्हापासून सगळ्या जगाने ठरवून टाकलं की ससा गाजरावर जगतो. गाजरात साखर बरीच असते. सशासाठी ती जिलेबी आहे, कधीतरी एक चकती ठीक. त्याचं खरं जेवण म्हणजे गवत. आहाराचा साधारण ऐंशी टक्के भाग ताजं किंवा वाळलेलं गवत असावा, बाकी पालेभाजी आणि थोडेसे पेलेट.

कारण पुन्हा शरीरात आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर. ते झिजायला तास न् तास चावावं लागतं, आणि पोळी-बिस्किटं चावण्यात झीज होत नाही. दुसरं म्हणजे आतडं. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते पुढे ढकलतो तो गवतातला चोथा. चोथा कमी पडला, पाणी कमी प्यायलं, ताण आला, दात दुखला, काहीही कारण पुरतं. आतडं मंदावतं, पोटात गॅस धरतो, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल तर ती इमर्जन्सी समजायची. 'उद्या सकाळी बघू' ही सोय त्याच्याकडे नाही.

आणि इथे झोप आणि खाणं एकत्र येतं. गवतातून पहिल्या फेरीत सगळं पोषण निघत नाही. उरलेलं सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारखे गोळे तयार होतात. विश्रांतीच्या वेळी ससा ते थेट तोंडाने घेऊन गिळतो. ईऽऽ म्हणू नका. त्यात प्रथिनं आणि बी जीवनसत्त्वं असतात, ते त्याचं दुसरं जेवण आहे. म्हणजे आपण ज्याला दुपारची झोप म्हणतो, त्यातही त्याचं पोट काम करतच असतं. दर अर्ध्या तासाने फोटोसाठी उचलून घेतलं तर आपण त्याची झोप मोडतोच, शिवाय जेवणही. गोल, कोरड्या लेंड्या वेगळ्या. त्या दिवसाला दोन-तीनशे पडतात. म्हणूनच डॉक्टरांचा पहिला प्रश्न तो होता. सशाचा रिपोर्ट ट्रेमध्ये असतो.

गवत आणायचं कुठून? ऑनलाइन मिळणारं इम्पोर्टेड टिमोथी गवत चांगलंच, पण स्टुडंट बजेटला झेपेलच असं नाही. फवारणी न केलेल्या जागेची ताजी हरळी चालते. देवळाबाहेर गाईला घालायला विकतात तो लसूणघास मात्र रोज नको. त्यात कॅल्शियम जास्त, तो वाढत्या पिल्लांसाठी बरा. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला घाला. हो, गाजरापेक्षा त्याचा पालाच कामाचा, जो भाजीवाले मामा तसाही फेकून देतात. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, ब्रेड अजिबात नको. आणि पाणी भरपूर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर वाडगाच भरून ठेवा. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. २७-२८ अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो, आणि पत्र्याखालच्या रूममध्ये एप्रिलची दुपार किती असते ते तुम्हाला माहीत आहे. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली की तो तिला टेकून पडतो.

घरच्या घरी औषध मात्र देऊ नका. कुत्र्यांना गोचिडीसाठी मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रे सशाला विषारी ठरतो. आपल्यासाठी साधी वाटणारी ॲमॉक्सिसिलिनची गोळी त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारून जीवावर बेतू शकते.

मग दोष कुणाचा?

आमचा आहेच. पण फक्त आमचा नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्याखाली २०१८ मध्ये पेट शॉपसाठी वेगळे नियम आले. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आम्ही जिथून खारी आणली तिथे नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. रस्त्याकडेच्या पिंजऱ्यातून घेताना कुणालाच सुचत नाही. मोबाइल घेताना आपण बिल, वॉरंटी, रिव्ह्यू सगळं बघतो.

शिवाय वेळेचं गणित. डिग्री तीन-चार वर्षांची, रूमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, आणि नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. जोडी घेतली आणि नर-मादी ओळखण्यात चूक झाली तर महिन्याभरात पिल्लं. त्यामुळे मे महिन्यात ग्रुपवर ससे येणारच. त्याहून वाईट म्हणजे काही जण 'मोकळा होईल' म्हणत टेकडीवर किंवा बागेत सोडून येतात. पांढरा ससा हिरव्या गवतात कुत्र्याला आणि कावळ्याला लांबून दिसतो. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं त्याच १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे.

खारी त्या रात्री वाचली. सलाइन, दुखणं कमी करणारं इंजेक्शन, ऊब, आणि मग तीन दिवस दर काही तासांनी सिरिंजने पातळ खाणं. बिल तिघींच्या महिन्याच्या मेसएवढं झालं. चौथ्या दिवशी पहाटे ट्रेमध्ये सात लेंड्या दिसल्या. त्या मात्र आम्ही तिघींनी उठून मोजल्या.

३० जूनला आमचं ॲग्रीमेंट संपतंय. एक रूममेट बंगळुरूला निघालीय, दुसरी घरी. खारी दोन वर्षांचीही नाही, ती माझ्याबरोबर येतेय. नव्या रूमसाठी फोन करते तेव्हा माझा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. आतापर्यंत सात ठिकाणी नाही म्हणालेत. आठव्या काकूंनी फक्त विचारलं, 'रात्री आवाज करतो का गं?' मी खरं सांगितलं, रात्री नाही काकू, पहाटे पाचला. त्या म्हणाल्या, मी साडेचारलाच उठते, ये बघायला.