पात्र, अपात्र आणि नाते

साहित्याच्या वर्गात 'पात्र' हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पात्र म्हणजे कादंबरीतली व्यक्ती. तिला भूतकाळ असतो, तिचे बोलणे आणि वागणे नेहमी जुळतेच असे नाही, आणि तिला समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. नागपूरहून एस.टी.ने वर्ध्याला किंवा यवतमाळला जावे, तर तिथल्या जिल्हा कचेरीत हाच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतो. तिथे आत्महत्या केलेला शेतकरी 'पात्र' असतो किंवा 'अपात्र' असतो. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने त्याची कसोटी ठरवून दिली : नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा. कर्ज मान्यताप्राप्त ठिकाणचे हवे. या कसोटीला मृत्यू उतरला, तर कुटुंबाला एक लाख रुपये मदत, काही हाती आणि उरलेले ठेवीत. उतरला नाही, तर फाईल बंद.

मदत देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. ती तुटपुंजी आहे आणि उशिरा मिळते, हे अनेकांनी सांगून झाले आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या घरात असा मृत्यू घडतो त्या घराशी समाजाचा जो एकमेव अधिकृत संबंध येतो, तो या दोन शब्दांपुरता येतो. तलाठी येतो, पोलीस पाटील येतो, कधी समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन येतात. प्रत्येक जण एकदा येतो, आपले रकाने भरतो आणि जातो. पुन्हा येणारा कोणी नसतो. नात्यावर आधारलेले समाजकार्य ज्याला म्हणतात ते विदर्भात पुस्तकांत आहे, अभ्यासक्रमात आहे, प्रश्नपत्रिकेतही आहे. त्या घराच्या ओसरीवर मात्र ते क्वचितच पोचले आहे, असे आमचे ठाम मत आहे.

या समाजकार्याचे म्हणणे थोडक्यात असे. समाजसेवक आणि कुटुंब यांच्यातले नाते हेच कामाचे मुख्य साधन आहे; योजना, अनुदान, दाखले ही सारी त्या नात्यातून पोचवायची. त्याला दोन बाजू आहेत. एक सायकोडायनॅमिक, म्हणजे मनाच्या आतली ओढाताण पाहणारी. गेलेल्या माणसावर आपले प्रेमही असते आणि रागही असतो, आणि न बोललेला राग शेवटी स्वतःवरच उलटतो, हे फ्रॉइडने १९१७ च्या शोकविषयक निबंधात मांडले. दुसरी बाजू सिस्टेमिक, म्हणजे एका माणसाचे दुखणे सगळ्या गोतावळ्याच्या संदर्भात वाचणारी. १९५० च्या दशकात बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हा विचार कुटुंबाला लावला. विदर्भातल्या घराला तो लावायचा तर त्या गोतावळ्यात सासरा, दीर, माहेर, सावकार, सहकारी सोसायटी, जिनिंगवाला आणि कापसाचा भाव हे सगळेच येतात.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घराचे नाही. नवरा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बाई बोलेनाशी होते. मुलगा शाळा सोडतो. सासरा दिवसभर बांधावर बसून राहतो. आलेला कार्यकर्ता 'बाई खचली आहे' असे लिहून घेतो. पण ती खचली आहे की संतापली आहे? 'मला काही न सांगता गेला' हे वाक्य त्या घरात तिने कोणापाशी बोलावे? सासऱ्यापाशी बोलली तर त्याच्या लेकाची निंदा होते, मुलापाशी बोलली तर बापाची. आणि ती गप्प राहते तेव्हा सातबाऱ्यावर नाव कोणाचे चढते? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांना, त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. तिचे मौन आणि सातबारा यांचा संबंध ज्याला दिसत नाही, त्याला त्या घरातले काहीच दिसले नाही. तो दिसायला मात्र पाच-सात वेळा जावे लागते, चहा प्यावा लागतो, आणि सहाव्या वेळी ती रागाने आपल्यालाच बोलली तर उठून न जाता बसून राहावे लागते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्याच मित्रांचा, चळवळीतल्यांचा आहे. ते म्हणतात, हा प्रश्न कापसाच्या भावाचा, सिंचनाचा आणि कर्जाचा आहे. त्याला मनाचा प्रश्न म्हणणे म्हणजे शेतकऱ्यालाच रोगी ठरवणे. या आक्षेपात तथ्य आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी-मुलांसह जीवन संपवले, तेव्हापासून शेतीचे अर्थकारण हा मुद्दा मांडला जातो आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा २००५ चा अहवाल आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा २००६ चा अहवाल यांनी तो पुरेसा स्पष्ट केला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पण जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल, तर शेतीसाठी आलेला पैसा त्या बाईपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच नात्यांचा आहे. सिस्टेमिक दृष्टी अर्थकारण नाकारत नाही, ती त्याला घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन बघते. आणि शोक ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाला आधी भाव द्या, असे म्हणणाऱ्याने गरिबाला फक्त पोटच असते असे गृहीत धरलेले असते. भाव तर द्यायलाच हवा. पण भाव मिळाल्यावर त्या घरातला मुलगा आपोआप शाळेत जाईल, हे आम्हाला पटत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्य खात्याच्या बाजूने येतो : आम्ही मनाकडे लक्ष देतोच की! ते खरे आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. २०१५ साली राज्याने मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशा कार्यकर्त्या घरोघरी प्रश्नावली घेऊन गेल्या. त्याआधी 'विश्राम' नावाच्या उपक्रमाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांकरवी काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारसेवेशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण तिथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हे मोठे काम आहे. पण त्यातला शब्द पाहा : संपर्क. संपर्क ही नात्याची पहिली पायरी आहे. प्रश्नावलीत गुण मोजून माणसाला 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' अशा खणात टाकले आणि तिथेच थांबलो, तर 'पात्र' आणि 'अपात्र' यांत आणखी तीन शब्दांची भर पडते, एवढेच.

मग आपण सगळे रकान्यांशीच का थांबतो? केवळ आळस किंवा लालफीत हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. इझाबेल मेंझिस यांनी १९६० साली लंडनच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेने एका रुग्णाजवळ फार वेळ राहू नये, कामाचे तुकडे करावेत, रुग्णाला नावाऐवजी खाटेने किंवा आजाराने ओळखावे, असे तिथले वळण होते. मेंझिस यांचा निष्कर्ष असा की, मृत्यू आणि वेदना यांच्या सान्निध्यात जी धास्ती वाटते तिच्यापासून बचाव करण्यासाठी संस्थेने ही पद्धत घडवली होती, आणि त्या पद्धतीने धास्ती कमी मात्र झाली नाही. आमच्या मते 'पात्र-अपात्र'चा रकाना हेच काम करतो. त्या ओसरीवर बसणे असह्य असते. फॉर्म हातात असला की ते सुसह्य होते, कारण नजर खाली ठेवायला जागा मिळते.

समाजकार्याच्या शिक्षणाबद्दलही हेच म्हणावे लागेल. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली समाजसेवक आणि व्यक्ती यांच्या नात्याची सात तत्त्वे सांगितली. आपल्याकडचे विद्यार्थी ती मुखोद्गत करतात. पण क्षेत्रकार्याहून परतलेल्या विद्यार्थ्याला 'तिथे तुला काय वाटले, भीती वाटली का, चीड आली का' असे विचारायला तासभर कोण बसतो? अशा निगराणीशिवाय नात्याची भाषा पोकळ आहे. विद्यार्थी एक तर कोरडा होतो, नाहीतर बुडतो. हा दोष केवळ आपला आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये आयलीन मन्रो यांच्या २०११ च्या अहवालाने बालसंरक्षणाचे काम नियम आणि नोंदींच्या ओझ्याखाली दबल्याचे सांगितले होते.

तिसरा आक्षेप : हे सगळे व्हिएन्ना-लंडनचे, आपल्याकडे कुटुंब आहे, शेजार आहे. वस्तुतः गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात मनोविश्लेषणाची भारतीय संस्था १९२२ साली स्थापली, म्हणजे हा विचार येथे शंभर वर्षांचा जुना आहे. आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९२१ साली, नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासह मातृसेवा संघ उभा केला. स्वतः वैधव्य सोसलेली एक परिचारिका अडलेल्या बाईजवळ बसते, तेव्हा तिला सात तत्त्वे माहीत नसतात. पण सोबत म्हणजे काय हे तिला माहीत असते. परंपरा हवीच असेल तर ती आहे. कुटुंबाचे म्हणाल, तर ज्या कुटुंबात सुनेचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही त्या कुटुंबालाच आधार म्हणून पुढे करणे हा क्रूर विनोद आहे.

शेवटी आमच्याच घराकडे बोट वळवणे भाग आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी कवितेत आणि कथेत शेतकऱ्याची आत्महत्या किती वेळा आली, याची गणती नाही. त्यांतल्या बहुतेक रचनांत ती बाई कपाळ पुसलेली प्रतिमा होऊन उभी राहते. तिला राग नसतो, हिशेब नसतो, दिराशी भांडण नसते. आम्हीही तिला 'पात्र' ठरवले ते करुणेसाठी. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'सारखी कादंबरी वेगळी ठरते, कारण तीत कर्ज आणि नापिकी घरातल्या माणसांच्या रोजच्या बोलण्यात उतरलेली दिसते. अशा कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला याचा आनंद आहेच. पण तिच्यावर प्रश्नोत्तरे लिहून घेताना आम्ही शिक्षकसुद्धा 'ग्रामीण जीवनाचे चित्रण' हा एकच रकाना भरतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. अशा प्रत्येक घराशी किमान एक वर्ष एकाच प्रशिक्षित व्यक्तीने संबंध ठेवावा, मृत्यू पात्र ठरो वा अपात्र. तिच्या कामाचे मोजमाप भरलेल्या फॉर्मांवर न करता पुन्हा दिलेल्या भेटींवर करावे. तिला दर आठवड्याला आपल्या मनातले बोलायला अनुभवी माणूस मिळावा, आणि त्या वेळाचा पगारही मिळावा. वारसनोंदीपासून मुलाच्या शाळेपर्यंतचे काम तिच्या कक्षेत असावे, म्हणजे सांत्वन आणि सातबारा वेगळ्या टेबलांवर जाणार नाहीत. नागपुरात समाजकार्याची महाविद्यालये आहेत आणि मराठीचे विभागही आहेत. एकाच्या विद्यार्थ्याला माणसापर्यंत जायचे असते, दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला माणूस वाचायला शिकवलेले असते. दोघांनी एकत्र बसून एका भेटीचा वृत्तांत एखाद्या कथेइतक्या बारकाईने वाचला, तर त्याला वेगळे अनुदान लागणार नाही. सुरुवात येत्या सत्रापासून करता येईल.