पूजिलेले शस्त्र, न वाचलेले शस्त्र

खंडेनवमीच्या सकाळी महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यांमध्ये एक देखणे दृश्य दिसते. शस्त्रागारातील रायफली बाहेर काढून, पुसून, तेल देऊन सतरंजीवर ओळीने मांडल्या जातात. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. श्रीरामपूर असो, संगमनेर असो वा नगर शहर असो, शस्त्रपूजनाची ही परंपरा सर्वत्र सारखीच श्रद्धेने पाळली जाते. प्रसाद वाटून झाला, छायाचित्र निघाले, की रायफली पुन्हा कुलपाआड जातात. त्यांच्या पोलादावर कोरलेली अक्षरे वाचावीत, असे मात्र पूजा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सुचते. ज्या समाजाने शस्त्राला देवत्व दिले, त्याच समाजाने शस्त्राचा इतिहास वाचायचे टाळावे, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

सैनिकी रायफल हा पोलादावर लिहिलेला दस्तऐवज असतो. ताम्रपट वाचण्यासाठी जशी लिपी यावी लागते, तशी याही दस्तऐवजाची एक लिपी आहे. ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने घराघरांत ठाऊक असलेली ली-एन्फील्ड रायफल घ्यावी. दस्ता जिथे नळीच्या मागील भागाला जोडला जातो, तेथील पोलादी कड्यावर कारखान्याचे नाव, घडणीचे वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक ठोकलेला असतो. इंग्रजी अमदानीतील रायफलीवर राजमुकुट आणि सम्राटाची आद्याक्षरे दिसतात. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर त्याच जागी अशोकस्तंभावरचे सिंह येऊन बसतात. सत्तांतराची अशी खूण ग्रंथालयातील किती कागदांवर इतक्या स्पष्टपणे उमटली असेल? पितळी काडतुसाच्या बुडावरही अक्षरे असतात. त्यांत रोमन लिपीतील ‘के’ आणि ‘एफ’ दिसले, तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातले समजावे. हा कारखाना १८६९ सालापासूनचा.

या खुणा जुळवत गेल्यावर जो इतिहास हाती लागतो, तो पाठ्यपुस्तकातील इतिहासाहून अधिक बोलका असतो. १८५७ च्या संग्रामाची ठिणगी ‘पॅटर्न १८५३’ या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसावरून पडली, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. त्यानंतर त्या बंदुकीचे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातातील अचूक रायफल काढून घेतली आणि त्यांना आतून आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी बंदूक; पण गोळीला फिरकी देणारे आटेच नाहीत, त्यामुळे दूरचा नेम लागणे कठीण. गोऱ्या सैनिकाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाला जुनी स्नायडर मिळाली. गोऱ्याला ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदी शिपायाच्या वाट्याला मार्टिनी-हेन्री आली. शिपायाने प्राण द्यावेत, पण त्याचे शस्त्र राज्यकर्त्याच्या शस्त्राहून एक पिढी मागे असावे, असे ते धोरण होते.

नागरिकांवरचा अविश्वास याहून मोठा होता. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि पुढे या मार्गावरील बेलापूर रोड स्थानकाभोवती आजचे श्रीरामपूर वाढले. त्याच १८७८ साली लिटनचा शस्त्र कायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसासाठी गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. पुढल्याच वर्षी, लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी बंड उभारले, तेव्हा त्यांच्या रामोशी साथीदारांजवळ सरकारी फौजेच्या तोडीची शस्त्रे नव्हती.

इच्छापूरच्या कारखान्यातील दोन नमुने याच अविश्वासाची साक्ष देतात. बंगालमध्ये, मंगल पांडे यांच्या बराकपूरच्या परिसरातच, विसाव्या शतकाच्या आरंभी हा रायफल कारखाना उभा राहिला. लष्करी .३०३ काडतूस सामान्य नागरिकाच्या हाती पडू नये, म्हणून येथे .३१५ या वेगळ्या मापाची शिकारी रायफल तयार होऊ लागली. पोलिसांसाठी लष्करी रायफलीची नळी .४१० मापाची करून, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून, एका वेळी एकच गोळी झाडणारी बंदूक बनवली गेली. दहा गोळ्यांची रायफल एका गोळीवर आणणारा तो लाकडी ठोकळा पाहिला, की परकीय सत्तेच्या मनातील भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नगर जिल्ह्याला तर या अभ्यासाचे विशेष अगत्य असायला हवे. महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीजवळ वा वेशीपाशी एक संगमरवरी पाटी आढळते. पहिल्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. नावे नसतात, आकडे असतात. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी उपाशीपोटी लढल्या. त्या पाट्यांवरील आकड्यांत अशा पलटणींचे शिपाई आहेत. त्यांची नावे शोधण्याचे साधन अनेकदा घरातच असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. ते पदक आणि निवृत्तिवेतनाचे कागद एकत्र आले, की गावाच्या पाटीवरील आकड्याला चेहरा मिळतो.

याच जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांचे उदाहरण घ्यावे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायाने जोरदार गोळीबारात दोन जखमी सहकाऱ्यांना नदी ओलांडून सुरक्षित जागी पोहोचवले. मग परत फिरून त्यांनी शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पराक्रमाचे चित्र काढताना त्यांच्या हाती संगीन लावलेली रायफल दाखवण्याचा मोह कुणालाही होईल. प्रत्यक्षात त्यांच्याजवळ टॉमीगन होती; हाताला जखम झाल्यावर ती टाकून त्यांनी हातबॉम्बचा आधार घेतला. शस्त्राचा अभ्यास असा दंतकथेला आवर घालतो आणि खऱ्या शौर्याला अधिक उजळतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. ही रायफल साम्राज्याची. तिचे कौतुक कशासाठी? आक्षेप गंभीर आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत झडलेल्या १,६५० फैरी याच जातीच्या रायफलींतून सुटल्या आणि चाप ओढणारी बोटे हिंदी शिपायांची होती. पण आझाद हिंद सेनेच्या सैनिकांच्या खांद्यावरही इंग्रजांकडून हस्तगत झालेली हीच रायफल होती. स्वतंत्र भारताच्या सैनिकाने १९४७ साली काश्मीर राखले, तेही हिच्याच बळावर. शस्त्राला स्वतःची निष्ठा नसते. ती हाताची असते. म्हणूनच शस्त्राबरोबर हाताचाही शोध घ्यावा लागतो. लाजेची पाने फाडून टाकणारा इतिहास अभिमानाची पानेही फार काळ राखू शकत नाही.

भाबड्या ममत्वाचे तर मुळीच कारण नाही. १९६२ साली हिमालयात चिनी सैन्याच्या स्वयंचलित शस्त्रांपुढे आपले जवान प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ चा मारा झाला, तेव्हाही काही पोलिसांच्या हाती हीच जुनी रायफल होती. तिला निवृत्त करणे आवश्यकच होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला औपचारिक निरोप दिला. प्रश्न निवृत्तीचा नाही, निवृत्तीनंतरचा आहे. सेवेतून काढलेले शस्त्र नोंदवहीतून कमी होते आणि पुढे नष्ट होते. त्याबरोबर त्यावरील अक्षरेही भट्टीत जातात.

शेजारच्या नेपाळचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली सुमारे ५० हजार जुनी शस्त्रे २००३ साली अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. त्यांत गहेंद्र शमशेर यांनी मार्टिनी-हेन्रीवरून नेपाळमध्येच घडवलेल्या रायफलीही होत्या. त्यांचा अभ्यास आज होतो, तो प्रामुख्याने परदेशी संग्राहकांच्या घरी. जे आपण वाचत नाही, ते दुसरा विकत घेऊन वाचतो.

भारतात मात्र संग्राहकाचा मार्ग अमेरिकेसारखा मोकळा नाही आणि तो नसणेच योग्य. .३०३ हे नागरिकांसाठी निषिद्ध मापाचे शस्त्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाने मात्र एक दार उघडे ठेवले आहे. कालबाह्य, पुरातन वा नादुरुस्त आणि दुरुस्तीनंतरही गोळी झाडू न शकणाऱ्या शस्त्राला त्यात सूट आहे. म्हणजे सार्वजनिक संग्रहासाठी कायद्याचा अडसर नाही. अडसर अनास्थेचा आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून देशोदेशींचे रणगाडे मुलांना हाताच्या अंतरावरून पाहता येतात. रणगाड्याचे हे भाग्य साध्या शिपायाच्या रायफलीला क्वचितच लाभते.

करावयाचे काम फार खर्चिक नाही. निवृत्त शस्त्र नष्ट करण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक खुणेचे छायाचित्र आणि नोंद व्हावी. प्रत्येक नमुन्याची एखादी रायफल कायमची निकामी करून जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि एन.सी.सी.च्या छात्रांनी माजी सैनिकांच्या घरी जाऊन पदके, सेवापुस्तिका, पत्रे यांच्या नोंदी घ्याव्यात. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र अशा जिज्ञासूंचे तीर्थस्थान ठरावे. घरात जुने शस्त्र वा काडतूस सापडल्यास ते लपवू वा विकू नये. छायाचित्र काढण्याचा मोहही आवरून आधी पोलिसांना कळवावे.

जिल्ह्यातील वृत्तपत्रांत ‘गावठी कट्टा जप्त’ ही बातमी अधूनमधून येते. पकडला जाणारा बहुधा विशी-पंचविशीतला तरुण असतो. त्या कट्ट्यावर ना घडवणाऱ्याचे नाव असते, ना वर्ष, ना क्रमांक. ते बेवारस शस्त्र असते आणि ते हाती घेणारा कुणालाही उत्तरदायी नसतो. सैनिकी रायफलीला कुळ असते, गोत्र असते. ती कुणाला दिली, कुणी परत केली, याची नोंद असते. शस्त्र म्हणजे मिरवण्याची वस्तू नसून सोपवलेली जबाबदारी आहे, हे त्या तरुणाला कुणीतरी वेळेवर दाखवायला हवे होते.

पुढच्या खंडेनवमीला श्रीरामपुरात रायफली पुन्हा सतरंजीवर मांडल्या जातील. फुले वाहून झाल्यावर एखाद्या शिक्षकाने पाच-दहा विद्यार्थ्यांना जवळ बोलावून, पोलिसांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली, त्या पोलादी कड्यावरचे कारखान्याचे नाव आणि वर्ष मोठ्याने वाचायला सांगावे. पूजेला पाच मिनिटे अधिक लागतील. पण पुजलेले शस्त्र त्या दिवशी प्रथमच वाचले जाईल.