जुने दुखणे आणि दुर्बीण

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मळात पडून होता आणि कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. विहारात ही कथा आपण कैकदा ऐकतो. पण शौचातून रक्त जाते हे आपल्यातला माणूस बायकोलाही सांगत नाही.

आमच्या परिचयाचे एक समाजबांधव असेच. आधी मूळव्याध समजून झाडपाला केला, मग कळले की अल्सरेटिव्ह कोलायटिस. या रोगात मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात, रक्त व आव पडते, दिवसातून अनेकदा धावावे लागते. औषधाने दबतो, पुन्हा उठतो. त्यांना अकरा वर्षे झाली.

गेल्या वर्षी उजव्या ओटीपोटात कळ आली. ‘जुनेच दुखणे’ म्हणून दोन दिवस अंगावर काढले. शेवटी अपेंडिक्स काढावे लागले. टाके सुकले, गडी कामावर रुजू झाला. काढलेला तुकडा तपासणीला गेला होता, त्याचा कागद मात्र कोणी आणलाच नाही! आम्ही पडलो कारकून, कागद राहिला की आम्हाला झोप येत नाही. बरोबर जाऊन आणला. सुदैवाने साधी सूज होती.

आमचा हा हट्ट फुकाचा नव्हता. अपेंडिक्समध्ये गाठ क्वचितच होते. पण दुर्बिणीला अपेंडिक्सचे फक्त तोंड दिसते, आत जाता येत नाही. त्यामुळे आतली गाठ बहुधा काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच कळते. काही गाठी चिकट द्रव साठवितात आणि फुटल्यास तो पोटभर पसरतो.

कागद पाहून डॉक्टरांनी विचारले, “दुर्बीण शेवटची केव्हा?” उत्तर आले, “सुरुवातीला, एकदाच.” डॉक्टर गप्प झाले.

कोलायटिस आतड्याच्या बऱ्याच भागात पसरलेला असेल, तर वर्षे जातात तसा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात आणि पुढे धोक्याप्रमाणे एक ते पाच वर्षांनी. यकृतातील पित्तनलिकांचा पीएससी नावाचा विकार सोबत असेल, तर निदानापासूनच दरवर्षी. रोग फक्त गुदाशयापुरता असेल, तर इतकी जरुरी नसते. पोट शांत असतानाच ही तपासणी करायची, कारण सूज असली की सूज कोणती आणि बिघाड कोणता हे ओळखणे अवघड जाते. नेमकी तेव्हाच माणसे म्हणतात, ‘आता बरे आहे, कशाला?’ अपेंडिक्स निघाले म्हणूनही ही तपासणी सुटत नाही.

आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे रिकामे करावे लागते, तो दिवस शौचालयाजवळच जातो. चाळीत सामायिक संडास असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

आमच्या या बंधूंच्या रजेचा अर्ज आम्हीच लिहिला. ते म्हणाले, “कारण ‘घरगुती काम’ लिहा.” आम्ही ‘आतड्याची दुर्बिणीद्वारे तपासणी’ असे लिहिले आणि सहीसाठी कागद पुढे सरकविला. बराच वेळ पेन हातात धरून ते बसले, मग त्यांनी सही केली.