दूरचे युद्ध आणि उपसंपादकाचे टेबल

पाणीकपातीची किंवा रस्ता बंद असल्याची खोटी बातमी शहरात फार काळ टिकत नाही, कारण नळ उघडून किंवा चौकापर्यंत जाऊन तिची शहानिशा कोणालाही करता येते. परदेशातील युद्धाच्या बाबतीत बहुतेक वाचकांपाशी असा कोणताच आधार नसतो. तिथली गावे त्यांनी पाहिलेली नसतात, भाषा येत नसते, आणि म्हणून हातातल्या पडद्यावर जे प्रथम दिसते तेच त्यांच्या मताचा पाया ठरते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर जे घडले त्याचा विचार मराठी वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्यांनी या दृष्टीने करायला हवा, कारण समाजमाध्यमावरील चित्रफीत आणि वाचकाचे मत यांच्या मधोमध उपसंपादकाचे टेबल असते.

मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात भारतात एक दावा झपाट्याने पसरला, तो असा की खार्किव्हमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर पडता यावे म्हणून रशियाने सहा तास युद्ध थांबवले आहे. या दाव्याच्या मुळाशी एक खरी घटना होती. २ मार्च रोजी भारतीय दूतावासाने खार्किव्हमधील भारतीयांना तातडीने शहर सोडण्याची, वाहन न मिळाल्यास पायी निघण्याची आणि स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सहापर्यंत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युडोव्हका यांपैकी एक ठिकाण गाठण्याची सूचना दिली होती. मार्ग आणि मुदत सांगणारी ही सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता युद्धविरामाची बातमी झाली, आणि तिथून ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही पोहोचली. ३ मार्चला परराष्ट्र मंत्रालयाचे तत्कालीन प्रवक्ते अरिंदम बागची यांनी स्पष्ट केले की विशिष्ट मार्गाची व वेळेची माहिती मिळाली होती हे खरे, परंतु त्यावरून कोणी बॉम्बहल्ला रोखून धरला आहे असा अर्थ काढणे पूर्णपणे चुकीचे आहे. खुलासा सरकारी, नि:संदिग्ध आणि वेळेवर होता, तरीही मूळ दाव्याला मिळालेली जागा त्याला मिळाली नाही. ‘ऑपरेशन गंगा’ या सुटका मोहिमेखाली सुमारे २२,५०० भारतीय परतले आणि त्यांत महाराष्ट्रातील वैद्यकीय विद्यार्थीही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीचे गांभीर्य कळते. तळघरात आसरा घेतलेल्या मुलाला गोळीबार थांबल्याचे घरून फोनवर कळवले गेले असते, तर त्या एका वाक्यावर त्याचा जीव टांगला गेला असता.

असा दावा इतका वेगाने का पसरतो, याचे उत्तर केवळ तंत्रज्ञानात सापडत नाही. फेसबुक, एक्स किंवा इन्स्टाग्राम यांवर कोणता मजकूर वर दिसावा हे अल्गोरिदम, म्हणजे वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींचा हिशेब ठेवणारी संगणकीय कार्यपद्धती, ठरवते आणि ज्या मजकुरावर लोक अधिक थांबतात, चिडतात किंवा हळहळतात तो पुढे सरकवते. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र असा कोणी निवड करणारा नाही. तिथे संदेशाला वजन येते ते पाठवणाऱ्या काकांमुळे, शाळासोबत्यामुळे किंवा सोसायटीच्या चिटणिसामुळे. २०१८ मध्ये या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि वारंवार पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण देण्यास नंतर सुरुवात केली. त्या खुणेचा अर्थ एवढाच की हा मजकूर पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही, आणि बातमीदाराने तिच्याकडे नेहमी त्याच अर्थाने पाहायला हवे.

त्याच दिवसांत पुतिन यांना पाठिंबा देणारा एक हॅशटॅग भारतात वर आला. हॅशटॅग म्हणजे एका विषयावरच्या नोंदी एकत्र आणणारी खूणचिठ्ठी, आणि ती थोड्या खात्यांच्या संगनमताने कृत्रिमरीत्या वर चढवता येते. या प्रकरणात ट्विटरने (आताच्या एक्सने) शंभराहून अधिक खाती बंद केली. तरीही भारतातील रशियाविषयीची आपुलकी बनावट खात्यांनी निर्माण केली असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. ऑगस्ट १९७१ चा मैत्री करार आणि त्या वर्षीच्या युद्धात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने वापरलेला नकाराधिकार यांची स्मृती इथे जिवंत आहे, आणि २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या निषेधाच्या बाजूने मत दिले तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. समाजमाध्यमे शून्यातून मत घडवत नाहीत. जे मत आधीच मनात असते त्याला ती चित्र पुरवतात, आणि हवे असलेले चित्र मिळाले की तपासण्याची इच्छा संपते.

ही दुर्बलता रशियाच्या चाहत्यांपुरती नव्हती. हल्ला झालेल्या देशाविषयी सहानुभूती वाटणे योग्यच होते, परंतु तिच्यामुळे पडताळणीत ढिलाई आली. एका वैमानिकाने रशियाची अनेक विमाने पाडली अशी ‘कीव्हच्या भुता’ची कथा जगभर छापली गेली, तिच्यासोबत फिरलेली एक चित्रफीत विमानयुद्धाच्या संगणकीय खेळातली निघाली, आणि एप्रिल २०२२ च्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच तो वीर म्हणजे लोकांनी रचलेली दंतकथा असल्याचे जाहीर केले. काळ्या समुद्रातील सर्पबेटावरचे सीमारक्षक ठार झाल्याचे खुद्द राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितले होते. काही दिवसांतच हे सीमारक्षक जिवंत असून कैदेत असल्याचे युक्रेनच्या नौदलाने मान्य केले. न्याय्य बाजूचा असला तरी लढणाऱ्या पक्षाचा दावा हा दावाच असतो, आणि तो तसाच छापायला हवा.

यावर सोपा उपाय म्हणून ‘दोन्ही बाजूंचे दावे’ शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत अनेक डेस्कनी स्वीकारली, आणि ती तितकीच घातक ठरली. मार्चच्या अखेरीस रशियन सैन्याने कीव्हजवळचे बुचा शहर सोडल्यावर रस्त्यांवर पडलेले नागरिकांचे मृतदेह जगाने पाहिले. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने ही दृश्ये सैन्य गेल्यानंतर रचण्यात आल्याचा आरोप केला, तर चालत्या गाडीतून घेतलेल्या एका चित्रफितीत मृतदेहाचा हात हलतो असे समाजमाध्यमांवर सांगितले गेले. तो हात म्हणजे गाडीच्या काचेवरील पाण्याच्या थेंबामुळे झालेला दृष्टिभ्रम होता. मॅक्सर या कंपनीच्या उपग्रहचित्रांशी त्या चित्रफिती पडताळल्यावर असे दिसले की याब्लुन्स्का रस्त्यावरील मृतदेहांच्या जागी तशाच गडद आकृती ११ मार्चपर्यंतच आलेल्या होत्या, म्हणजे शहर रशियाच्या ताब्यात असतानाच. एवढा पुरावा उपलब्ध असताना ‘युक्रेनचा आरोप, रशियाचा इन्कार’ असे लिहून थांबणे याला तटस्थता म्हणता येत नाही, कारण तेवढ्याने वाचकापर्यंत सत्य पोहोचत नाही. खोट्या चित्रफितींच्या पुराचा सर्वांत मोठा दुष्परिणाम हाच आहे: शंभर बनावट दृश्ये पाहून थकलेला वाचक खरे दृश्यही नाकारू लागतो, आणि अत्याचार करणाऱ्याला नेमके तेवढेच हवे असते.

समाजमाध्यमे पुरावाही देतात. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ जण मारले गेले. तेव्हा सामान्य लोकांनी सहज टिपून टाकलेल्या छायाचित्रांतून बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने ते विमान पाडणाऱ्या ‘बुक’ क्षेपणास्त्राच्या वाहनाचा मार्ग जुळवला. या पद्धतीला स्थाननिश्चिती म्हणतात, म्हणजे चित्रातील इमारत, फलक, झाडे, सावल्यांची दिशा ही उपग्रहनकाशाशी ताडून चित्र कुठले आणि कधीचे ते ठरवणे. साध्या दृश्यासाठी संगणक, संयम आणि अर्धा तास एवढे अनेकदा पुरते. मराठी डेस्कवर हा अर्धा तास मिळत नाही, ही अडचण खरी आहे, आणि तिची जबाबदारी उपसंपादकावर नसून वेळेचे गणित ठरवणाऱ्या संपादकांवर व मालकांवर आहे.

१६ मार्च २०२२ रोजी झेलेन्स्की सैनिकांना शरण जाण्यास सांगत असल्याची बनावट चित्रफीत पसरवली गेली, पण ती फसली, कारण तिचे तंत्र कच्चे होते आणि असे काही येणार असल्याची सूचना युक्रेनच्या यंत्रणांनी दोन आठवडे आधीच लोकांना दिली होती. आता तंत्र तितके कच्चे राहिलेले नाही, त्यामुळे आधी सावध करण्याचे काम वाचकाच्या भाषेतील पत्रकारितेलाच करावे लागेल. म्हणून वृत्तसंपादकांना या मासिकाची विनंती आहे की परदेशी युद्धाच्या प्रत्येक दृश्याखाली ते कोणी, कुठे आणि कधी टिपले हे छापावे, त्यातले जे कळलेले नाही ते कळलेले नाही असे त्याच ओळीत लिहावे, आणि चूक झाली तर तिचा खुलासा मूळ बातमी ज्या पानावर, ज्या आकारात छापली होती त्याच पानावर आणि त्याच आकारात छापावा.