बंद बाटलीची संहिता

व्हिस्कीच्या जुन्या, छोट्या बाटल्या जमवणे हा वाङ्मयीन चर्चेचा विषय होऊ शकत नाही, असे आमच्या विभागातील सहकाऱ्यांचे ठाम मत आहे. मला ते मान्य नाही. तळहातात मावणारी, 50 मिलिलिटरची ही 'मिनिएचर' चव पाहण्यापुरती, प्रवासात एका पेगापुरती म्हणून निघते हे खरे. पण पन्नासएक वर्षे न उघडता राहिली की ती पेय उरत नाही, दस्तऐवज होते. आणि दस्तऐवज वाचणे हे तर आपले काम.

स्कॉच व्हिस्कीच्या एखाद्या मिनिएचरवर '70° प्रूफ' असे छापलेले असेल, तर ती बहुधा 1980 पूर्वीची असते. त्या सुमारास ब्रिटनमध्ये प्रूफची जुनी मोजणी मागे पडून अल्कोहोलचे शेकडा प्रमाण लिहिले जाऊ लागले (ते 70 म्हणजे आजचे 40 टक्के). अमेरिकेत विकल्या गेलेल्या बाटलीवर '1/10 पिंट' दिसले, तरी निष्कर्ष तोच. तेथे 1 जानेवारी 1980 पासून मद्याला मेट्रिक मापे सक्तीची झाली. हस्तलिखिताचा काळ ठरवताना आपण कागदाची, शाईची, लेखनपद्धतीची साक्ष काढतो, त्याहून हे वेगळे काय आहे?

मात्र लेबल म्हणजेच संहिता, असे मानणाऱ्या संग्राहकांशी माझा वाद आहे. 2018 साली स्कॉटलंडमधील एका विद्यापीठीय प्रयोगशाळेने दुर्मीळ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कॉचच्या 55 बाटल्या तपासल्या. 21 बनावट निघाल्या. त्या मिनिएचर नव्हत्या, पण मुद्दा तोच. लेबले जुनी दिसत होती. खोटे उघडे पाडले ते आतील द्रवाने. 1950 च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढवला, हवेतून तो बार्लीत आणि बार्लीतून व्हिस्कीत उतरला. जे वाचायचे ते कागदावर नव्हतेच, काचेच्या आत होते.

म्हणूनच बाटली रिकामी करून 'शोभेसाठी' ठेवणे, किंवा पातळी उतरली म्हणून तीत नवी व्हिस्की भरणे, हा मला पाठातील प्रक्षेपाइतकाच गंभीर अपराध वाटतो. पातळी उतरतेच. काचेत व्हिस्की मुरत नाही. बूच सुकते, झाकण सैलावते आणि मुळातच घोटभर असलेला ऐवज हवेत जातो. मोठ्या बाटलीला जी घट सहज पचते, ती इथे खांद्याखाली उतरलेली दिसते. संग्राहक जपतो ती वस्तू अशी त्याच्या डोळ्यांदेखत कमी होत असते. संख्येचा आणि किमतीचा हव्यास धरणाऱ्यांना हे कळत नाही, आणि 'नुसत्या बाटल्या' म्हणून हसणाऱ्या आपणा पंडितांनाही.

माझे मामा व्यापारी जहाजावर होते. स्वतः कधी प्याले नाहीत. पण बंदराबंदरातून आणलेल्या अशा साठेक बाटल्या त्यांच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या असत. ते गेल्यावर, माळकरी घरात हे नको म्हणून, तेराव्याच्या आतच सगळ्या मोरीत ओतल्या गेल्या. लेबले गरम पाण्यात भिजवून खरवडली. मी पोहोचलो तेव्हा बाटल्या उन्हात उपड्या वाळत होत्या. मामींनी त्यांत माक्याचे तेल भरून नातेवाइकांना वाटले. एक माझ्याकडे आहे. तळाशी काचेत उठवलेला एक आकडा आहे, तेवढाच वाचता येतो.